दहा मिनिटांत तीन ग्रॅम

दहा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन १५०० आरपीएमवर पूर्ण लोडला चालवलं, की ते दहा मिनिटांत साधारण ३०० ग्रॅम डिझेल पितं. हिशोब असा: दहा हॉर्सपॉवर म्हणजे ७.३५ किलोवॅट. किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम धरले तर तासाला १.८४ किलो, म्हणजे दहा मिनिटांना ३०६ ग्रॅम. आता कुणी नवं नोझल बसवलं, पिस्टनचा बाऊल जरा बदलला आणि म्हणालं, ‘एक टक्का डिझेल वाचतं’, तर त्या दाव्याचं वजन दहा मिनिटांत तीन ग्रॅम भरतं. चहाच्या चमच्यात मावेल एवढं.

हे तीन ग्रॅम क्षुल्लक नाहीत. नदीवरून पाणी उपसणारं असलं इंजिन वर्षाला हजार तास चाललं, तर एक टक्का म्हणजे सुमारे २२ लिटर डिझेल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या शेडपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत ज्यांचं पोट इंजिनावर आणि इंजिनाच्या कास्टिंगवर आहे, त्यांना हा एक टक्का गिऱ्हाइकासमोर सिद्ध करावा लागतो. मग कधीतरी ठरतं की ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचनळी) आणि स्टॉपवॉच पुरे झालं, इंजिनात जाणारं डिझेल सतत मोजणारा चांगला फ्युएल फ्लो मीटर घेऊ. किंमत लाखांत असते, म्हणून आधी ट्रायल मागायची. आणि बहुतेक ट्रायल इथेच फसतात, कारण मीटर येतो, दिवसभर चालतो, स्क्रीनवर सुंदर ग्राफ उमटतो, सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही की आज नक्की काय कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: मीटर गेटच्या आत येण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत. आपल्याला किती फरक दिसायला हवा, आणि आपला टेस्ट बेड, म्हणजे इंजिन बसवून तपासायची मांडणी, किती फरक दिसू देते. दुसरा आकडा काढायला मीटर लागत नाही. पेन्सिल आणि प्रामाणिकपणा लागतो.

ब्युरेटपासून सुरू करू. ५० सीसीच्या ब्युरेटमधून हे इंजिन साधारण ८१ सेकंदांत डिझेल ओढतं. सुरुवातीला आणि शेवटी अंगठा मिळून तीन दशांश सेकंद चुकला, तर ०.४ टक्के गेले. पण मोठा चोर तापमान आहे. डिझेलची घनता ०.८३ च्या आसपास असते आणि दर अंशाला साधारण ०.०००७ ने कमी होते, म्हणजे अंशाला ०.०८ टक्के. सकाळी टेस्ट रूममध्ये २५ अंश आणि दुपारी एक्झॉस्टच्या धगीत ३७ अंश झाले, की ५० सीसीत एक टक्का कमी डिझेल मावतं. तेच ५० सीसी, तेच सेकंद, आणि इंजिन मात्र सकाळपेक्षा एक टक्का कमी पीत असतं. कागदावर ते दिसतच नाही. म्हणून सीसीत मोजणं सोडून ग्रॅममध्ये मोजायचं, हे मीटर घेतला नाही तरी करावंच.

आता टॉर्क. विशिष्ट इंधन वापर म्हणजे इंधन भागिले पॉवर, आणि पॉवर डायनोच्या (इंजिनावर लोड टाकणाऱ्या यंत्राच्या) लोड सेलवरून, म्हणजे जोर मोजणाऱ्या सेन्सरवरून येते. २०० न्यूटन-मीटरच्या डायनोला ०.१ टक्के फुल स्केलचा (पूर्ण रेंजच्या ०.१ टक्के चुकू शकणारा) लोड सेल असेल, तर ०.२ न्यूटन-मीटर इकडेतिकडे. आपलं इंजिन पूर्ण लोडला ४७ न्यूटन-मीटर देतं, त्यावर ही चूक ०.४३ टक्के होते. अर्ध्या लोडला दुप्पट. डायनोला पाणी नेणारा होज ताठर असेल, डायनो ज्यावर झुलतो ते ट्रनियनचं बेअरिंग गंजलं असेल, तर त्यात भर. ब्युरेटची एक टक्का चूक आणि टॉर्कची ०.४३ मिळून (अशा स्वतंत्र चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतात) सुमारे १.१ टक्के होतात. ०.१ टक्क्याचा मीटर आणला की एकूण ०.४४ वर येतं. आणि दुप्पट पैसे मोजून ०.०५ टक्क्याचा आणला तर ०.४३. म्हणजे पहिल्या उडीचे पैसे वसूल होतात, दुसऱ्या उडीचे लोड सेलमध्ये बुडतात. हा हिशोब अर्ध्या तासात होतो आणि बऱ्याचदा कोटेशनच्या खालच्या रकमेतला एक आकडा कमी करतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती फार ठिकाणी सुटते. डायनोचं कॅलिब्रेशन हातावर वजनं टांगून करतात. एक मीटरचा हात, पाच किलोचं वजन. शीटवर ९.८०६६५ ने गुणून ४९.०३ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. पण कोल्हापूर साडेसोळा-सतरा अक्षांशावर आहे आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथलं गुरुत्वाकर्षण ९.७८३ च्या जवळ आहे. खरा टॉर्क ४८.९२. फरक ०.२४ टक्के. डायनो तेवढा जास्त दाखवतो आणि इंजिन तेवढंच काटकसरी दिसतं, बारा महिने. इलेक्ट्रॉनिक काट्याचंही तसंच. दिल्लीत ९.७९१ वर किंवा युरोपात ९.८१ वर जुळवलेला काटा इथे आणून नुसता चालू केला, तर तो कमी वजन दाखवणार. ज्या टेबलावर काटा राहणार, त्याच टेबलावर वजन ठेवून तो पुन्हा जुळवायचा. वजन एफ-२ दर्जाचं असेल तर उत्तम, एक किलोला त्याच्या चुकीची मर्यादा १६ मिलिग्रॅम असते. एम-१ ला ५० मिलिग्रॅम, तेही ०.१ ग्रॅमच्या काट्याला चालून जातं.

एवढं झालं की मीटर निवडायचा. कोरिओलिस पद्धतीचा मीटर थरथरणाऱ्या ट्यूबमधून डिझेल नेऊन थेट वस्तुमान मोजतो, म्हणून घनतेची भानगड संपते. पण छोट्या इंजिनाला त्यात एक पेच आहे. विक्रेता सांगतो तो ०.१ टक्के मधल्या आणि वरच्या फ्लोला खरा असतो. खाली मीटरची झिरो स्टॅबिलिटी, म्हणजे प्रवाह नसताना त्याचं शून्य किती हलतं, ती चूक ठरवते, आणि ती टक्क्यांत नसते, किलो प्रति तासात असते. समजा ती ०.०१ किलो प्रति तास आहे. १.८४ ला ती ०.५ टक्के झाली. बिनलोड चालताना हे इंजिन तासाला ०.४५ किलोच्या आसपास घेतं, तिथे दोन टक्क्यांवर गेली. मग लहान ट्यूबचा मीटर घ्यावा, त्याची झिरो चांगली असते. पण लहान ट्यूब म्हणजे प्रेशर ड्रॉप जास्त. आपल्या इंजिनाला लिफ्ट पंप नाही, डिझेल उंचावरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने उतरतं. अर्ध्या मीटरची उंची म्हणजे फक्त ४ किलोपास्कल, ०.०४ बार. तासाला दोन किलोला मीटरचा ड्रॉप याच्या बराच खाली हवा. नाहीतर फुल लोडला पंप उपाशी राहतो, आरपीएम डगमगतात आणि दोष वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या माथी जातो. म्हणून विक्रेत्याला पाठवायच्या पत्रात ‘डिझेल इंजिनासाठी मीटर हवा’ एवढं लिहून चालत नाही. किमान फ्लो ०.४, नेहमीचा १.५, कमाल २.२ किलो प्रति तास, ग्रॅव्हिटी फीड, उपलब्ध दाब ४ किलोपास्कल, डिझेलचं तापमान २० ते ५० अंश, जोडणीचा थ्रेड, वीजपुरवठा, आउटपुट कोणतं. हे सगळं लिहावं. या पत्राला नीट उत्तर देणारा विक्रेताच ट्रायलला बोलवावा.

आउटपुटचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. मीटरचा आकडा करंटच्या रूपात देणाऱ्या ४-२० मिलिअँपिअर आउटपुटवर ० ते १० किलोची रेंज ठेवली आणि आपल्या अ‍ॅनालॉग कार्डाची चूक ०.१ टक्के फुल स्केल असली, तर तासाला ०.०१ किलो तिथेच गेले. लाखांचा मीटर आणि हजारांचं कार्ड, जिंकतं कार्ड. पल्स किंवा मॉडबस असं डिजिटल आउटपुट घ्यावं.

कॅलिब्रेशनचा दाखला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा, आणि तो वाचावा. शिक्का बघून फाइलला लावणं म्हणजे वाचणं नव्हे. दाखल्यात ज्या फ्लोला मीटर तपासला, ते बिंदू बघायचे. बरेचदा सगळ्यात खालचा बिंदू आपल्या फुल लोडपेक्षा वर असतो. म्हणजे आपल्याला जिथे मोजायचंय तिथे त्या कागदाला बोलायला काही नाही. पाण्यावर तपासलाय म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. कोरिओलिसला पाणी काय, डिझेल काय, वस्तुमान ते वस्तुमान.

कागदपत्रं थोडक्यात. डेमो युनिट परत जाणारं असतं, तेव्हा डिलिव्हरी चलनावर ‘ट्रायलसाठी, परत करण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. पसंतीवर आलेल्या मालाचं बिल माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हायला हवं, नाहीतर माल परत जायला हवा. परराज्यातून येणारा माल ५० हजारांवरचा असेल तर ई-वे बिल. आपल्या गेटवर रिटर्नेबल गेट पास, त्यावर सिरियल नंबर. आपल्या बेडवर असताना काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे ई-मेलवर आधीच. आणि तारीख ठरवताना पंचांग नाही तरी पंचगंगा बघावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पुराच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पुण्याहून वा बंगळुरूहून इंजिनिअर बोलावणं म्हणजे दोघांचाही आठवडा पणाला लावणं.

पावसाळा टाळायला आणखी एक कारण आहे. या उंचीवर हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पावसाळी हवेत त्यातले तीन किलोपास्कल नुसत्या बाष्पाचे असतात, हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी जेमतेम दीड. एकूण दाबही पावसाळ्यात थोडा उतरलेला असतो. इंजिनाला जाळायला मिळते ती कोरडी हवा, आणि तिचा दाब या दोन ऋतूंत दोन-अडीच टक्क्यांनी फिरतो. बिनटर्बो डिझेलसाठी सुधारणेचं जे सूत्र आयएसओ १५८५ मध्ये आहे, त्यात ९९ भागिले कोरड्या हवेचा दाब, गुणिले निरपेक्ष तापमान भागिले २९८ चा ०.७ वा घात, असा घटक येतो. सूत्र लावावंच. पण डिसेंबरच्या ब्युरेटच्या आकड्यांशी जुलैच्या मीटरचे आकडे जुळवून ‘मीटर चुकतोय’ म्हणू नये. तुलना करायची तर एकाच वेळी, एकाच इंधनावर.

आणि हेच ट्रायलचं हृदय आहे: नवा मीटर आणि साधा वजनकाटा एकामागोमाग एक, एकाच लाईनमध्ये. काट्यावर डबा, डब्यातून फिल्टर, फिल्टरनंतर मीटर, मीटरनंतर इंजिनाचा पंप. तेच डिझेल आधी काट्यावरून कमी होतं आणि मग मीटरमधून जातं. इंजिन मध्येच थोडं जास्त प्यायलं, गव्हर्नर हलला, लाईटचा दाब पडला, तरी दोघांनाही तेच दिसतं. मीटरचा आकडा भागिले काट्याचा आकडा, या गुणोत्तरातून इंजिनाचा लहरीपणा वजा होतो. गुणोत्तर किती हलतं ते मीटरचं चारित्र्य. इंधन वापराचा आकडा किती हलतो ते तुमच्या बेडचं. ही दोन वेगळी काढता आली नाहीत तर ट्रायल करूच नये, असं मी म्हणेन.

पण काटाही भोळा नसतो. डब्यातून डिझेल काढायला वरून नळी सोडलेली असते. नळी डब्याला टेकू द्यायची नाही, स्टँडवर वेगळी धरायची, हे बहुतेकांना माहीत असतं. न टेकलेली नळीसुद्धा चूक करते, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. डिझेलमध्ये बुडालेला नळीचा भाग आपल्या आकारमानाएवढं डिझेल बाजूला सारतो, आणि काट्याला तो भाग डिझेल असल्यासारखाच जाणवतो. पातळी उतरली की तेही ‘वजन’ कमी होतं. चूक किती? नळीचं क्षेत्रफळ भागिले डब्याचं उरलेलं क्षेत्रफळ. १५० मिलिमीटरचा डबा आणि १० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी: ०.४५ टक्के. काटा तेवढा जास्त वापर दाखवणार, दर वेळी, न चुकता. ज्या संदर्भावर आपण ०.१ टक्क्याचा मीटर पारखणार, तोच अर्ध्या टक्क्याने खोटा. नळी ६ मिलिमीटरची केली तर चूक ०.१६ वर येते, आणि उरलेली गुणून काढून टाकता येते, कारण ती स्थिर असते. डबा मात्र सरळ भिंतींचा हवा, निमुळता कॅन नको.

रिटर्न लाईन हे दुसरं दुखणं. इंजेक्टरमधून थोडं डिझेल ओव्हरफ्लो होऊन परत येतं. ते सवयीने टाकीत सोडलेलं असतं.

“मेस्त्री, मीटर काट्यापेक्षा जास्त का दाखवतोय?”

“रिटर्न डब्यात सोडलाय न्हवं साहेब, नेहमीसारखा.”

झालं. डब्यातून गेलेलं मीटरने मोजलं, परत आलेलं काट्याने वजा केलं, मीटरला त्याचा पत्ता नाही. रिटर्न मीटरच्या पुढे, पंपाच्या आधी, एका छोट्या भांड्यात आणून मिळवावा. या भांड्याला वर व्हेंट हवा, कारण रिटर्नसोबत हवेचे बुडबुडे येतात, आणि पातळी दहा मिनिटांच्या सुरुवातीला नि शेवटी सारखी हवी. रिटर्न गरम असतो, तेव्हा पंपाच्या तोंडाशी तापमान मोजणारा थर्मोकपल लावावा.

हवा हा कोरिओलिसचा शत्रू. ट्यूबमध्ये एक बुडबुडा अडकला की झिरो सरकते आणि दिवसभर सरकलेलीच राहते. मीटरच्या आधी वीतभर पारदर्शक होज घालावा, म्हणजे डोळ्यांना दिसतं. जोडणीला टेफ्लॉन टेप वापरू नये. त्याचे तंतू सुटून बारीक ट्यूबमध्ये जाऊन बसतात. फेरुल किंवा बॉण्डेड वॉशर वापरावा. मीटर बेडच्या फ्रेमवर कधीही बसवू नये. एक सिलिंडरचं इंजिन पूर्ण फ्रेम हलवतं. भिंतीवर वेगळ्या ब्रॅकेटवर, आणि भिंतीपलीकडे फाउंड्रीचं साचे हादरवून फोडणारं नॉकआउट मशीन असेल तर दुसऱ्या भिंतीवर. शिरोलीत शेजारी इंडक्शन फर्नेस असणं नवलाचं नाही. तिच्यामुळे विजेच्या लाईनवर हार्मोनिक्स (पुरवठ्यातला गोंगाट) येतात. मीटर, काटा आणि लॉगर एकाच ऑनलाइन यूपीएसवर आणि एकाच अर्थिंगवर ठेवावेत. शेजारच्या शेडला साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी एक रन घेऊन ठेवला, तर कामाच्या दिवशीच्या रीडिंगशी ताडून बघता येतं. फरक दिसला तर तो इंजिनाचा नक्की नाही.

रनचा दिवस. इंजिन रनिंग-इन झालेलं हवं. डिझेल सगळं एकाच बॅरलमधलं. वॉर्म-अपनंतर लुब ऑइलचं, पाण्याचं आणि एक्झॉस्टचं तापमान पाच मिनिटं जागेवर थांबलं, की मगच घड्याळ. त्याआधी झिरो: लाईन भरलेली, हवा काढलेली, मीटरच्या दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद, तापमान स्थिर. इंजिन चालू असताना रबरी होजच्या आत गरम डिझेल अडकवून घेतलेली झिरो ही झिरो नव्हे. मग दहा मिनिटं काही न करता मीटरचा टोटल बघायचा. वॉल्व्ह बंद असताना जे काही साचलं, ती आजची खरी झिरो स्टॅबिलिटी, कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असो.

लोड १००, ७५, ५०, २५ टक्के आणि बिनलोड. प्रत्येकाला दहा मिनिटांच्या पाच खिडक्या, म्हणजे मोजणीचे पाच तुकडे. दर सेकंदाला मीटर, काटा, टॉर्क, आरपीएम एकाच लॉगरवर, म्हणजे दोन घड्याळांचा घोळ होत नाही. टेस्ट रूमचा पंखा काट्यावर वारा मारतो, म्हणून काट्याला तीन बाजूंनी काचेचा आडोसा. मीटरचा डिस्प्ले ऑपरेटरला दिसू नये, नाहीतर हात नकळत आकड्याच्या मागे जातो. आणि इंजिन चालवायला आपलाच माणूस. विक्रेत्याचा इंजिनिअर शेजारी उभा राहू दे, त्याला विचारू दे, पण वॉल्व्ह त्याने फिरवायचे नाहीत. उद्या मीटर विकत घेतला तर तो इथे नसणार.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात प्रिय चाचणी. ती कॅटलॉगमध्ये नसते आणि विक्रेते सुचवत नाहीत. मीटरच्या पुढे, पंपाच्या आधी, एक टी आणि बारीक नीडल वॉल्व्ह बसवायचा, त्याचं तोंड एका छोट्या बीकरमध्ये. इंजिन फुल लोडला स्थिर चालू द्यायचं. वॉल्व्ह इतकाच उघडायचा की तीनेक सेकंदांना एक थेंब पडेल. दहा मिनिटांनी वॉल्व्ह बंद करायचा आणि बीकर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवायचा. तीन ग्रॅमच्या आसपास भरेल. इंजिनाला याची खबरही नसते, ते नेहमीसारखं पितं, पण मीटरमधून एक टक्का जास्त डिझेल गेलेलं असतं, आणि ते किती, हे आपल्याला बीकरने स्वतंत्रपणे सांगितलेलं असतं. आता दहा मिनिटं थेंबासह, दहा मिनिटं थेंबाविना, पुन्हा थेंबाविना, पुन्हा थेंबासह असा क्रम लावायचा. हा क्रम मुद्दाम, कारण तापमान सावकाश एकाच दिशेला सरकत असेल तर त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. मीटरच्या टोटलमधला फरक बीकरच्या वजनाशी जुळला, समजा ३.१ ग्रॅमला ३.० किंवा ३.३ आला, तर हा मीटर आणि हा बेड मिळून आपला एक टक्का पाहू शकतात. १.२ आला, किंवा एकदा ५ आणि एकदा उणे १ आला, तर कागदावर ०.१ टक्का लिहिलेलं असलं तरी नवं नोझल चांगलं की वाईट, हे या सेट-अपवर कधीच कळणार नाही. थेंब एक्झॉस्टपासून लांब पडायला हवेत आणि बीकर धातूच्या ट्रेमध्ये, हे सांगायला नकोच.

अशी चाचणी हातात असली की काय स्वीकारायचं हे आधी लिहून ठेवणं सोपं होतं. ५० ते १०० टक्के लोडला मीटर आणि काट्यातला फरक ०.३ टक्क्याच्या आत. २५ टक्क्याला एक टक्क्याच्या आत. आठ तासांत झिरोचं सरकणं कॅटलॉगमधल्या आकड्याच्या आत. लाईट जाऊन आल्यावर टोटल आणि झिरो जागेवर. थेंबाच्या चाचणीत तीनला अडीच ते साडेतीन. हे आकडे प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावेत, पण विक्रेत्याला ते मीटर पाठवण्याआधी ई-मेलने कळवलेले हवेत. चांगला विक्रेता यावर नाराज होत नाही, उलट योग्य मॉडेल पाठवतो.

निकाल वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नये. स्थिर लोडला, दहा मिनिटं थांबायची तयारी असेल तर ०.१ ग्रॅमचा काटा, सरळ भिंतीचा डबा आणि बारीक नळी, हे काही हजारांचं सामान लाखांच्या मीटरच्या तोडीचं काम करतं. ३०६ ग्रॅममध्ये ०.१ ग्रॅम म्हणजे ०.०३ टक्के. मीटर विकतो तो वेळ. जो बिंदू काट्यावर दहा मिनिटं मागतो, तो मीटरवर एक-दोन मिनिटांत मिळतो. लोड बदलताना, गव्हर्नर सावरताना, थंड इंजिन तापताना इंधन कसं चढतं-उतरतं ते दिसतं, जे काट्यावर दिसत नाही. ज्याच्या बेडवर रोज शिफ्टला पंधरा-वीस इंजिनं उतरतात, त्याला मीटर परवडतो. कॉलेजच्या लॅबला किंवा महिन्यात दोन नोझल तपासणाऱ्या छोट्या शेडला बहुधा नाही. त्यांनी ते पैसे लोड सेल, कॅलिब्रेशनचा हात आणि चांगल्या बॅरोमीटरवर घालावेत. ट्रायलने ‘घेऊ नका’ सांगितलं तर ती वाया गेली असं मानू नये. विक्रेत्यालाही आकड्यांसकट कारण कळवावं. पुढच्या वेळी तो नेमका मीटर आणतो.

परत पाठवतानाची काळजी. लाईन सोडण्याआधी, मीटर भरलेला असतानाच शेवटची झिरो घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी लॉगशीटवर सही करावी. एकदा नट सैल झाला की सकाळची झिरो आणि संध्याकाळची झिरो जुळवता येत नाही, आणि दिवसभराच्या आकड्यांवर कुणीही शंका घेऊ शकतं. मग ट्यूबमधलं डिझेल पूर्ण काढायचं, कारण ट्रान्सपोर्टवाला इंधनाचा वास येणारा खोका घेत नाही. दोन्ही पोर्टना प्लॅस्टिकच्या टोप्या, सिरियल नंबरचा फोटो, चलनाच्या प्रतीवर परत पाठवल्याची तारीख, आणि लॉगरचा मूळ डेटा विक्रेत्याच्या पेनड्राइव्हवर देण्याआधी आपल्या कॉम्प्युटरवर.